पाचवे वाक्य

१

कॉलेजात इतिहास शिकवून आला की धम्मदीप डोंगरदिवे हातपाय धुवायचा, कूलरमध्ये दोन बादल्या पाणी ओतायचा, चहा घ्यायचा आणि लोकांनी लिहिलेली वाक्ये कापायला बसायचा. अकरा वर्षांत हा नेम चुकला नव्हता. त्याची बायको दीपमाला म्हणायची, बाकीच्यांचे नवरे संध्याकाळी चौकात जाऊन भांडतात, माझा घरात बसून भांडतो, तेवढेच बरे.

इंटरनेटवर एक मराठी ज्ञानकोश आहे, सगळ्यांनी मिळून लिहायचा. कुणीही यावे, कुणावरही लेख लिहावा, दुसऱ्याने तो सुधारावा. पण लेख बरा की वाईट हे कुणीतरी सांगायला लागते आणि त्यासाठी तिथे परीक्षक असतात, बिनपगारी. परीक्षकाने एकेक वाक्य तपासायचे. वाक्याला छापील आधार असला तर ते राहते. नसला तर त्यापुढे 'संदर्भ हवा' अशी खूण करायची, सात दिवस वाट पाहायची आणि तोवर आधार आला नाही तर वाक्य काढून टाकायचे. जे उरेल ते चोख असेल तर लेखाला 'उत्तम' दर्जा मिळतो आणि तो कोशाच्या मुखपृष्ठावर झळकतो. अकोल्यात बसून धम्मदीपने आख्ख्या महाराष्ट्रातल्या लेखकांवरच्या लेखांना घाम फोडला होता. पाठीमागे त्याला 'कात्री' म्हणत. त्याला ते ठाऊक होते आणि आवडतही होते.

मार्चच्या शेवटी त्याच्याकडे मोतीराम तेलगोटे यांच्यावरचा लेख आला. तेलगोटे गुरुजी मूळचे हिवरखेडचे. तीन कथासंग्रह, एक कादंबरी. भातकुलीच्या शाळेत नोकरी केली आणि निवृत्त होऊन तिथेच राहिले. लेख लिहिला होता अमरावतीच्या आकांक्षा देशमुखने. ती एका सरकारी कार्यालयात लिपिक होती आणि गुरुजींच्या पुस्तकांसाठी जीव टाकायची. एप्रिलात अमरावतीला गुरुजींचा सत्कार ठरला होता. त्याआधी लेखाला 'उत्तम' मिळावे म्हणून तिची धडपड चालली होती.

लेख चांगला होता. धम्मदीपने वही काढली. तपासणीच्या खुणा तो आधी वहीत हाताने लिहायचा, जुनी सवय. बिनआधाराची वाक्ये पाच निघाली. गुरुजी डाव्या हाताने लिहितात. घरासमोरच्या निंबाखाली बसून त्यांनी सगळ्या कथा लिहिल्या. सायकलीला ब्रेक नसायचे, ते पायाने थांबवायचे. वर्गात वाचलेली कथा मुलांना आवडली नाही तर तिथेच फाडून टाकायचे. आणि पाचवे, 'आई वारल्यावर मोतीराम यांना थोरली बहीण दुर्गाबाई यांनी कापूस वेचून वाढवले व शिकवले.'

पाचव्यापाशी त्याचा पेन थांबला, कारण ते वाक्य खरे असल्याचे त्याला त्याच्या पोटापासून माहीत होते. धम्मदीपही हिवरखेडचाच. आई मजुरीला गेली की चार-पाच वर्षांचा धम्मदीप आक्कांच्या ओट्यावर बसलेला असायचा. अख्खी गल्ली दुर्गाबाईंना आक्का म्हणायची. पुढे आक्का भावाकडे भातकुलीला राहायला गेल्या, पण धम्मदीपच्या मुलाच्या बारशाला त्यांनी हाताने शिवलेली गोधडी पाठवली होती. ती अजून त्याच्या पलंगावर होती.

आता गंमत अशी की त्याच लेखात गुरुजींची जन्मतारीख एक जुलै दिली होती. ती मास्तरने शाळेत नाव घालताना मनानेच टाकलेली, हे सगळ्या गावाला ठाऊक होते. पण ती दाखल्यावर होती, दाखल्यावरून एका ग्रंथात छापली गेली होती, म्हणून पक्की होती. आक्का कुठेच छापल्या गेल्या नव्हत्या.

त्याने पाचही वाक्यांपुढे खूण केली. तासाभरात आकांक्षाचा फोन आला.

"सर, आक्का सांगत होत्या, तुमी त्यायच्या घरी जेवलेले आहात. तुमाले तर सगळं माहीत आहे."

"म्हणूनच," धम्मदीप म्हणाला. "मले माहीत असनं हा संदर्भ नाही."

तिने आणखी एक तोड सुचवली. सत्काराची स्मरणिका छापून निघणार होती. सरांनीच तिच्यात आक्कांवर एक पान लिहावे, म्हणजे छापील आधार झाला. धम्मदीपला ते ऐकूनच कसेतरी झाले. सुरुवातीच्या वर्षांत, आपल्या समाजाचा लेखक आला की हा डोळे मिटून पास करतो, असे त्याच्याविषयी कोशावर चारचौघांत लिहिले गेले होते. तो डाग पुसायला त्याला कात्री व्हावे लागले होते. आपणच लिहायचे आणि आपणच त्याचा दाखला द्यायचा, हे त्याला या जन्मात जमणार नव्हते. तसे त्याने तिला सांगितले.

२

तरी रविवारी तो भातकुलीला गेला. एखादे जुने कात्रण सापडले तर पाहावे, एवढाच हेतू होता. बडनेऱ्यापर्यंत रेल्वे, पुढे ऑटो. ऊन मी म्हणत होते. गुरुजींच्या अंगणात निंबाची दाट सावली होती आणि ओट्यावर आक्का सुपात तूर पाखडत बसल्या होत्या. वय पंच्याऐंशीच्या पुढे, पण हात मशीनसारखे चालत होते.

"जेवला का बापू?" त्यांनी जय भीम घ्यायच्याही आधी विचारले.

जेवून आलो म्हटले तरी त्यांनी ताट वाढलेच, आणि ते संपेपर्यंत समोर बसून राहिल्या. लहानपणीही अशाच बसायच्या. त्या बसल्या की भाकरीचा कोरही टाकायची सोय नसे.

गुरुजींनी ट्रंक उपसली. पुस्तकांची परीक्षणे होती, पुरस्कारांच्या बातम्या होत्या. आक्कांचे नाव कुठेच नव्हते. शेवटी त्यांनी पहिला कथासंग्रह उघडून अर्पणपत्रिका दाखवली. पानाच्या मधोमध एकच शब्द होता, 'आक्कास'.

"हे चालते का?" गुरुजींनी विचारले. मोठ्या लेखकाचा तो आवाज नव्हता. शाळेत उशिरा आलेले पोर विचारते तसे ते विचारत होते.

धम्मदीपने नकारार्थी मान हलवली. नाव नाही, नाते नाही. शिवाय लेखकाचे स्वतःचेच पुस्तक. स्वतंत्र संदर्भ म्हणून ते चालत नाही, असे त्याने समजावून सांगितले. बोलता बोलता त्यालाच आपला आवाज परका वाटला, पण नियम तो नियम.

आक्कांना यातले काही कळत नव्हते. कुठल्या तरी पुस्तकातून आपले नाव जाणार, एवढे कळले.

"जाऊ द्या न," त्या म्हणाल्या. "छापलं नाही म्हनून मानूस नसते का बापू?"

निघताना त्यांनी कुरोड्यांचा डबा दिला. डबा परत आणजो, असे दोनदा बजावले.

३

सातव्या दिवशी, दुपारी कॉलेजला सुट्टी होती म्हणून, धम्मदीप कामाला बसला. डावा हात काढला. निंब काढला. सायकल काढली, फाडलेल्या कथा काढल्या. प्रत्येक वेळी कारण लिहायचे असते. त्याने लिहिले, 'संदर्भ नाही, काढले.'

पाचव्याला त्याने चहा करवून घेतला. गॅलरीत जाऊन आला. मुलाचा पलंग उगाच झटकला. मग आपलाच राग येऊन तो परत बसला. आपले माणूस म्हणून आपण थांबतो आहोत, हाच तर आरोप होता. त्याने बटण दाबले. वाक्य गेले आणि वरचा परिच्छेद खालच्याला येऊन मिळाला, मध्ये काही होते असे वाटू नये इतका नीट. लेखाला 'उत्तम' देऊन त्याने संगणक बंद केला. 

संध्याकाळी आकांक्षाचा फोन आला. पोरगी आनंदाने नुसती बोलत सुटली होती. धम्मदीपला अपराधी वाटत होते, म्हणून त्याने हसत विचारले, आक्का रागावल्या नाहीत ना.

"कोण आक्का, सर?"

"दुर्गाबाई. गुरुजींच्या बहीण."

"गुरुजींले बहीण होती?" आकांक्षा म्हणाली. "मग लेखात टाकाले पाहिजे होतं. मले कोनीच बोललं नाही."

चिडली असेल, टोमणा मारते आहे, असे धम्मदीपला वाटले. पण तिच्या आवाजात टोमणा नव्हता. फोन ठेवून त्याने लेखाचा इतिहास उघडला. कोशात काहीच कायमचे पुसले जात नाही. कुणी कधी काय लिहिले, कुणी काढले, सगळे तारीखवार जपलेले असते. त्याने काढलेली चार वाक्ये तिथे होती, काढल्याच्या नोंदीसकट. पाचवे नव्हते. आकांक्षाने लिहिलेल्या पहिल्या मसुद्यातही नव्हते.

त्याने वही उघडली. त्याच्या अक्षरात एक, दोन, तीन, चार. पुढे त्याच्याच अक्षरात पाच हा आकडा, त्यापुढे टिंब, आणि पुढे कोरा कागद.

माणूस अशा वेळी काय करतो? कपाटातून गुरुजींचा तो पहिला कथासंग्रह काढतो. अर्पणपत्रिकेचे पान होते, पण कोरे होते. धम्मदीपने ते उजेडात तिरके धरून पाहिले, बोट फिरवले. आपली प्रत दुसऱ्या आवृत्तीची असेल, असे त्याने स्वतःला सांगितले. आत 'पहिली आवृत्ती' छापलेले होते ते दिसल्यावर त्याने पुस्तक मिटले.

दीपमाला पलंगावर गोधडी घालत होती. ही कुणी दिली, असे त्याने शक्य तितक्या सहज विचारले.

"दिली कोनं?" ती म्हणाली. "बाजारातली हाये. तुमीच आनली असन."

"आणि तो कुरोड्यांचा डबा?"

दीपमालाने त्याच्याकडे नीट पाहिले, मग कपाळाला हात लावून पाहिला. डबा तिच्या माहेरचा होता म्हणे.

४

दुसऱ्या दिवशी रजा टाकून तो भातकुलीला गेला. रस्ताभर तो स्वतःशी वाद घालत होता. उन्हात फिरून डोके फिरते. दोन आठवणी एकमेकींत मिसळतात. एखादी बाई हिवरखेडला असेल, वारली असेल, आणि आपण तिला इथे आणून बसवले असेल. इतिहासाच्या मास्तराला हे प्रकार माहीत असतात.

ऑटोतून उतरला तर अंगण उघडे पडले होते. निंब नव्हता. तोडला असेल म्हणावे तर बुंधा नव्हता, खड्डाही नव्हता. सगळ्या अंगणात सिमेंट होते आणि त्याला जुन्या, धुळीने भरलेल्या भेगा पडल्या होत्या. ओट्यावर ऊन तापत होते.

गुरुजी आत बसले होते. आठवड्याभरात ते निम्मे झाले होते. खोलीत दोन खाटा असायच्या, तिथे एकच होती, आणि दुसऱ्या खाटेच्या जागी काहीही ठेवलेले नव्हते. शेजारून आलेला जेवणाचा डबा न उघडता पडला होता. त्यांनी स्वतः चहा केला. साखर ढवळताना ते उजवा हात वापरत होते आणि तो हात त्यांना साथ देत नव्हता. कप त्यांनी तीन मांडले. तिसऱ्याकडे थोडा वेळ पाहिले आणि तो परत फळीवर ठेवला.

"गुरुजी, तुमाले वाढवलं कोनं?" धम्मदीपने विचारले.

"कोनीच नाही," ते म्हणाले. "मायबाप लहानपनीच गेले. आपोआप वाढलो."

आपोआप वाढलेला माणूस कसा दिसतो, ते धम्मदीपसमोर बसले होते.  तेवढ्यात स्वयंपाकघरातून आवाज आला, सुपाचा. दाणे वर उडून परत पडतात, थांबतात, परत उडतात.

"आत कोन हाये?"

"कोनी नाही. चार-पाच दिवस झाले, असंच चालू राह्यते. गेलं की बंद होते."

चार-पाच दिवस कसे असतील, काल तर, असे धम्मदीपच्या ओठांवर आले. तो उठून आत गेला. आवाज बंद झाला. स्वयंपाकाचा ओटा कोरडा होता. भिंतीला खिळा होता आणि खिळ्याखाली सुपाच्या आकाराचा पांढरट डाग. बाकी रंग धुराने काळवंडलेला, तेवढाच भाग स्वच्छ. तो परत बाहेर येऊन बसला आणि आवाज पुन्हा सुरू झाला.

गुरुजी मान कलती करून ऐकत होते. त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होते आणि त्यांना त्याचा पत्ता नव्हता.

"कोनीतरी होतं असं वाटते," ते म्हणाले. "नाव जिभेवर येते अन् जाते. बापू, तुमाले काही माहीत हाये का?"

तेव्हा धम्मदीपला कळले की आपण हे केले आहे. कसे ते कळले नाही, आणि त्याने ते शोधायचा प्रयत्नही केला नाही.

५

स्मरणिका अमरावतीच्या छापखान्यात होती. भातकुलीहून तो थेट तिथे गेला. आकांक्षा तिथेच मुद्रिते तपासत बसली होती. चारला शेवटची पाने मशीनवर चढणार होती. ऐनवेळी एक जाहिरात गळाल्यामुळे अर्धे पान रिकामे होते. ते मला द्या, असे धम्मदीप म्हणाला. कात्रीसाहेब स्वतःहून लिहायला मागतात याचे तिला नवल वाटले, पण तिने कागद दिला.

तीन वाजले होते. शेजारी मशीन धडधडत होते. त्याने 'दुर्गाबाई तेलगोटे' असे नाव लिहिले आणि ते लिहिताना शेवटचे अक्षर त्याला आठवावे लागले. मग त्याला घाई सुटली. आठवणी आत एकेक करून विझत होत्या. हिवरखेडच्या घराचे दार कुठल्या दिशेला होते, गेले. त्या गायच्या ते पाळण्यातले गाणे, चाल होती, शब्द गेले. जे हाताला लागत होते ते तो कागदावर टाकत होता. मोतीरामची थोरली बहीण. कापूस वेचून त्याला वाढवले, शिकवले. हिरवे लुगडे नेसायची. ओट्यावर बसून सूप पाखडायची. दारात आलेल्या प्रत्येकाला 'जेवला का बापू' म्हणायची. ताट वाढून समोर बसायची आणि ताट रिकामे होईपर्यंत उठायची नाही.

आकांक्षाने वाचले. तिच्या डोळ्यांत पाणी आले.

"दिसायच्या कशा, सर? तेवढं एक वाक्य टाका न. दोन ओळींची जागा आहे."

धम्मदीपने पेन टेकवला. आक्कांच्या एका डोळ्यात फूल पडले होते. डाव्या की उजव्या? कपाळावर गोंदण होते की हनुवटीवर? नाक कसे होते? काल हे सांगता आले असते. आता चेहऱ्याच्या जागी नुसते ऊन येत होते. एखादा दुसरा कुणी असता तर त्याने काहीतरी बरे लिहून दिले असते. सुरकुतलेला चेहरा, मायाळू डोळे, असे लिहिले की झाले. पण अकरा वर्षांची सवय त्याच्या मनगटात बसली होती.

"नक्की आठवत नाही," तो म्हणाला. "अंदाज मी छापत नाही."

दोन ओळींच्या जागेत छापखानेवाल्याने एक वेलबुट्टी टाकली.

तीन दिवसांनी स्मरणिका हातात आली. धम्मदीपने लेख उघडला, पाचवे वाक्य परत लिहिले, पुढे संदर्भ दिला, स्मरणिकेचे नाव, पान अठ्ठेचाळीस. स्वतःच लिहिले आणि स्वतःच दाखला दिला. कुणी बोलले असते तर त्याने ऐकून घेतले असते. कुणी बोलले नाही. त्याने वही उघडली, तर पाचच्या पुढे 'दुर्गाबाई' असे त्याच्या अक्षरात होते.

"आक्काचा डबा परत नेजा बरं," दीपमाला स्वयंपाकघरातून म्हणाली. "अन् सांगजा, गोधडी अजून मजबूत हाये."

धम्मदीप खुर्चीवर बसून रडला. इतके हलके त्याला कित्येक वर्षांत वाटले नव्हते.

६

सत्काराच्या दिवशी सकाळी तो डबा घेऊन भातकुलीला गेला. गुरुजींना आणि आक्कांना घेऊन अमरावतीला जायचे, असे ठरले होते. गाडी अकराला येणार होती.

अंगणात निंब नव्हताच, तो कुणी परत लिहिला नव्हता. पण ओट्यावर हिरवे लुगडे दिसले. आक्का भिंतीकडे तोंड करून बसल्या होत्या. सूप वर-खाली होत होते.

"जेवला का बापू?" त्या म्हणाल्या.

"तुमाले भेटून जेवतो, आक्का. डबा आनला."

"जेवला का बापू?"

सूप तसेच चालू होते. दाणे उडून पडल्याचा आवाज येत होता. धम्मदीप दोन पावले पुढे गेला आणि त्याला सुपाच्या आतले दिसले. सूप रिकामे होते. काय पाखडायची, ते त्याने लिहिले नव्हते.

दाराच्या फटीतून एक हात आला आणि मनगट धरून गुरुजींनी त्याला आत ओढले. सत्काराचे नवे कपडे त्यांनी घातले होते, पण दाढी केलेली नव्हती. आरसा त्यांनी भिंतीकडे फिरवून ठेवला होता.

"तुमीच लिहिलं न ते? म्या वाचलं," ते हळू आवाजात म्हणाले. "चांगलं लिहिलं. पन आक्का पुरी नाही आनली तुमी."

ती परत आल्याला तीन दिवस झाले होते. ती झोपत नाही, असे ते म्हणाले. झोपते कुठे, ते कुणी लिहिलेच नाही. पाणी पीत नाही. रात्रभर सूप. हाक मारली तर मान वळवते आणि मग तेच विचारते. पहिल्या दिवशी त्यांनी आनंदाने समोर जाऊन हाक मारली होती. त्या दिवसापासून ते तिच्या समोरून जात नव्हते.

"पुन्हा लिहितो, गुरुजी. दुसरीकडं छापून आनतो."

"काय लिहिसान? तोंड आठवते का तुमाले?" गुरुजींनी विचारले. "मले बी नाही आठवत."

बाहेरचे सूप थांबले होते. धम्मदीपला ते उशिरा लक्षात आले. स्वयंपाकघरात भांडे वाजले, तवा उतरला, आणि भाकरीचा खरपूस वास खोलीत आला. गुरुजी वळले आणि भिंतीला तोंड लावून उभे राहिले. त्यांना आता याची सवय झाली होती.

धम्मदीप पळाला असता. पण ताट येऊन जमिनीवर टेकले, आणि चार वर्षांचा असल्यापासून त्या ताटावरून तो कधी उठला नव्हता. तो मांडी घालून बसला. नजर ताटात ठेवली. समोर लुगडे सळसळले आणि कुणीतरी खाली बसले. हिरवा काठ ताटाच्या कडेपर्यंत येऊन थांबला.

तो जेवू लागला. भाकर चांगली होती, तीच चव, हिवरखेडच्या चुलीची.  तो एकेक तुकडा मोडत होता आणि जितका मोडत होता तितके ताट उघडे पडत होते. स्टीलचे ताट, घासून घासून लख्ख केलेले. आधी त्यात छताचा वासा दिसला. मग हिरवा पदर. मग पदराच्या आत, केसांच्या खाली, जिथे काहीतरी असायला हवे होते तिथे, पुसून कोरड्या केलेल्या पाटीसारखे गुळगुळीत काही. ते त्याच्याकडेच वाकलेले होते, माया करणारे माणूस वाकते तसे.

बाहेर गाडीचा हॉर्न वाजला. आकांक्षाने मोठ्याने हाक मारली, गुरुजी, आक्का, चला. गुरुजी भिंतीपासून हलले नाहीत.

ताटात एकच घास उरला होता. ताट रिकामे होईपर्यंत ती उठणार नाही, असे त्याने स्वतः लिहिले होते. उठली की वर पाहावे लागेल. धम्मदीपने तो घास बोटाने हळूच सरकवला, ताटातल्या त्या गुळगुळीत जागेवर नेऊन ठेवला आणि हात मांडीवर घेतला.

"जेवला का बापू?" आक्का म्हणाल्या.